कामाप्रमाणे प्रशिक्षण : कायझेनच्या पेटीत नुसतं रंगकामच का येतं?

तेरा_चौदा_पाना (धागाकर्ता)

चाकण, भोसरी, वाळूज, अंबड, कुठल्याही एमआयडीसीतल्या मध्यम कारखान्याचं वार्षिक ट्रेनिंग कॅलेंडर उघडा. जानेवारीत फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची पद्धत), फेब्रुवारीत संवादकौशल्य, मार्चमध्ये ‘सर्जनशील विचार’. हजेरीवर सह्या, ग्रुप फोटो, फीडबॅक फॉर्मवर सगळीकडे ‘उत्तम’. लाइनवरचं रिजेक्शन मात्र जागचं हलत नाही. कायझेनच्या (कामगारांनी सुचवलेल्या छोट्या सुधारणांच्या) पेटीत ‘ट्रॉलीला पिवळा रंग दिला’, ‘कपाटाला नावाची पट्टी लावली’ एवढंच निघतं.

प्रशिक्षण कामाशी जुळलेलं हवं, हे सगळेच मान्य करतात. घोळ होतो तो कशाशी जुळवायचं यात. बहुतेक ठिकाणी ते पदनामाशी जुळवतात. ‘ऑपरेटर’ म्हणून चाळीस जण एका वर्गात बसतात. त्यात टर्निंगचे असतात, ग्राइंडिंगचे असतात, पॅकिंगचेही असतात. माझं म्हणणं असं, की त्या माणसाला एका पाळीत जे निर्णय घ्यावे लागतात, त्यांच्याशी प्रशिक्षण जुळवा. कल्पनाही तिथूनच सुचतात. ज्या गोष्टीचा निर्णय आपल्या हातात आहे आणि त्यामागचं कारण कळलं आहे, तिथेच माणसाला वेगळं काही सुचतं.

सीएनसी टर्निंगचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथचा, ऑपरेटर घ्या. आठ तासांत तो काय काय ठरवतो? जॉब (घडवायचा तुकडा) चकमध्ये (पकडणाऱ्या जबड्यांत) नीट बसला की फेसवर चिप (धातूचा कीस) अडकली आहे. आता मापायचं की अजून पाच जॉब काढायचे. साइज सरकली तर ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) किती द्यायचा, की टिपच (टूलची कापणारी धार) फिरवायची. चिप लांब दोऱ्यासारखी यायला लागली तर मशीन थांबवायचं का. टिप फिरवल्यावरचा पहिला जॉब कुणाकडून ओके करून घ्यायचा. असे बारा-पंधरा निर्णय निघतात. सेटरचे (मशीन लावून देणाऱ्याचे) वेगळे : सॉफ्ट जॉ (चकचे मऊ जबडे) बोअर करणं, वर्क ऑफसेट, नवा प्रोग्रॅम सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ) चालवून बघणं. सुपरवायझरचे आणखी वेगळे.

पद्धत सोपी आहे, फक्त वेळ खाते.

एक माणूस एका स्टेशनवर तीन पाळ्या उभा राहतो : एक सकाळची, एक रात्रीची आणि एक ज्या दिवशी सेटिंग बदलणार आहे ती. ऑपरेटर जिथे जिथे थांबतो, बघतो, विचारतो, ती प्रत्येक जागा टिपून घ्यायची. मग प्रत्येक निर्णयापुढे तीन गोष्टी लिहायच्या : पाळीत किती वेळा येतो, चुकला तर काय जातं (एक जॉब, पूर्ण लॉट, टूल, की बोट), आणि आज तो कशाच्या आधारावर घेतला जातो. या तिसऱ्या रकान्यात ‘शेजारच्याला विचारतो’ किंवा ‘अंदाज’ असं जिथे आलं, तिथे प्रशिक्षणाची गरज आहे. बाकीच्या ठिकाणी नाही. वाहन उद्योगाच्या कौशल्य परिषदेचे क्वालिफिकेशन पॅक (कुठल्या कामाला काय यायला हवं याच्या याद्या) सुरुवातीला समोर ठेवायला चांगले आहेत, पण ते देशभरच्या ऑपरेटरसाठी लिहिलेले असतात, तुमच्या सात नंबरच्या मशीनसाठी नाही.

एक उदाहरण जवळून बघू : वेअर ऑफसेट.

ओडी (बाहेरचा व्यास) हवी २५.०० मिमी, आली २५.०३. एक्समध्ये (व्यासाच्या हिशोबात) -०.०३ द्यायचे. फानुक कंपनीच्या कंट्रोल पॅनेलवर इथे दोन सॉफ्ट-की असतात : ‘इनपुट’ आणि ‘प्लस इनपुट’. प्लस इनपुट आधीच्या आकड्यात भर घालते, नुसती इनपुट आधीचा आकडा पुसून नवा ठेवते. समजा आधी -०.१२ होते आणि ऑपरेटरने -०.०३ टाकून नुसती इनपुट दाबली. टूल ०.०९ मागे गेलं, पुढचा जॉब २५.१२. नवखा माणूस गोंधळतो, आणखी मायनस मारतो, आणि तीन-चार जॉब साइजच्या आगेमागे नाचत राहतात. कारण ठाऊक नसेल तर ही चूक ‘मशीन बरोबर नाही’ या नावाने मेंटेनन्सच्या वहीत जाते.

यापेक्षा वाईट म्हणजे ‘टिप घासली की मायनस मार’ हा तोंडी नियम. ओडीला तो चालतो, कारण टिप घासल्यावर बाहेरचा व्यास वाढतो. बोअरला (आतल्या भोकाला) उलट होतं : बोरिंग बारची टिप घासली की बोअर लहान येतो. तिथे मायनस मारला तर तो अजून लहान. ‘हवं असलेलं माप वजा आलेलं माप’ एवढं शिकवलं तर ते दोन्हीकडे लागू पडतं, पाठ करायला काही उरत नाही.

आणि कल्पनाशक्तीचा संबंध इथे येतो. टिपची घासण सरळ रेषेत होत नाही. नवी धार पहिल्या काही जॉबमध्ये भरभर बसते, मग बराच वेळ सावकाश घासते, शेवटी पुन्हा वेगाने जाते. हे ज्याला माहीत आहे तोच म्हणू शकतो : ‘दर दहा जॉबला मापण्यापेक्षा टिप फिरवल्यावर पहिले तीन सलग मापू, मग पंधराला एक, आणि टिपच्या आयुष्याच्या शेवटी पाचाला एक.’ मापण्याची एकूण मेहनत फारशी वाढत नाही आणि साइज सुटायच्या आधी पकडली जाते. ही खरी कायझेन. ‘चौकटीबाहेर विचार करा’ असं सांगून ती निघत नाही. आधी चौकटीत काय आहे ते कळावं लागतं.

---

रात्रपाळी

मुद्दा पटला, पण दोन आक्षेप.

पहिला : तीन पाळ्या स्टेशनवर उभा राहणारा माणूस आणायचा कुठून? लाइनवर हजेरी कमी असते, टार्गेट तेवढंच असतं. शिवाय निम्मे ऑपरेटर कंत्राटी, सहा-सात महिन्यांत निघून जाणारे. त्यांना घासणीचा आलेख शिकवून काय मिळणार?

दुसरा : ऑपरेटरने डोकं चालवावं हे ऐकायला छान आहे. पण उद्या त्याने स्वतःच्या मनाने फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) बदलला तर? कंट्रोल प्लॅनमध्ये फीड-स्पीड लिहिलेले असतात. ग्राहकाच्या ऑडिटमध्ये ते सापडलं की सुपरवायझरचीच मान पकडतात.

---

किडे

‘सर्जनशील विचार’ च्या वर्गात मनोरे बांधायला स्पॅगेटी देतात, ती नंतर खायला मिळते का? माहिती हवी होती.

---

तेरा_चौदा_पाना

@किडे, कच्ची असते. चिकटपट्टीसकट खावी लागेल.

@रात्रपाळी, दुसरा आक्षेप आधी घेतो, कारण तो जास्त खरा आहे. सुचणं आणि बदलणं या दोन गोष्टींमध्ये भिंत हवीच. सूचना तीन गठ्ठ्यांत वाटाव्या आणि हे पहिल्याच दिवशी शिकवावं :

अ) स्वतःच्या स्टेशनवर लगेच करता येईल : ट्रेची उंची, गेजची जागा, पाना टांगायचा हूक. परवानगी नको, फक्त कळवा.
ब) सुपरवायझर आणि क्वालिटीची सही लागेल : मापण्याची वारंवारता, टिप फिरवण्याची मर्यादा, डिबरिंगचा (कडेला राहिलेली बर, म्हणजे धातूचे काटे, काढण्याचा) क्रम.
क) इंजिनियरिंगकडे आणि गरज पडल्यास ग्राहकाकडे जाईल : फीड, स्पीड, टिपचा ग्रेड, क्लॅम्पिंगची जागा, प्रोसेसचा क्रम.

‘ब’ आणि ‘क’ साठी ट्रायलची चिठ्ठी. वीस जॉब, वेगळा ट्रे, ट्रेला टॅग, जॉबवर क्रमांक, सगळ्या विसाची मापं लिहून, निर्णय होईपर्यंत मालात मिसळायचे नाहीत. ज्याची कल्पना त्यानेच ट्रायलला उभं राहायचं. सूचना द्यायची पेटी आहे पण करून बघायची वाट नाही, अशा ठिकाणी लोक दोन महिन्यांत गप्प होतात, आणि मग चोरून फीड बदलणं सुरू होतं. म्हणजे तुम्ही ज्याला घाबरता ते वाट बंद ठेवल्यानेच होतं.

पहिल्या आक्षेपाबद्दल : सगळी स्टेशनं एकदम घेऊ नका. गेल्या तीन महिन्यांचं रिजेक्शन काढा, त्यातलं सगळ्यात वाईट स्टेशन घ्या, तेवढंच करा.

---

मायक्रॉन

इन्स्पेक्शनच्या बाजूने भर घालतो. मापणं ही गोष्ट सगळ्यांना ‘येते’ असं गृहीत धरतात, म्हणून तिचं प्रशिक्षण सगळ्यात उथळ असतं.

५० मिमीचा एच७ बोअर. टॉलरन्स (मापात चालणारी तफावत) ० ते +२५ मायक्रॉन. जॉब मशीनमधून काढला तेव्हा खोलीपेक्षा २० अंशांनी गरम आहे. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन फुगतं. ५० मिमीला, २० अंशांना, हिशोब ११.५ मायक्रॉनच येतो. म्हणजे जवळजवळ अर्धा टॉलरन्स नुसत्या उष्णतेने खाल्ला. मशीनवर बोअर गेजने +५ दाखवणारा जॉब गार झाल्यावर -६.५ वर येतो, आणि इन्स्पेक्शनच्या टेबलावर प्लग गेजचा ‘गो’ (चालणाऱ्या सगळ्यात लहान मापाचं टोक) आत जात नाही. मग ऑपरेटर आणि इन्स्पेक्टरमध्ये वाद : ‘माझ्याकडे ओके होता!’ दोघंही खरं बोलत असतात.

इथे दोघांना वेगवेगळं प्रशिक्षण लागतं. ऑपरेटरला : मास्टर रिंग (गेज शून्यावर लावायची नेमक्या मापाची कडी) आणि जॉब एकाच तापमानाला आणायचे, गेज बोअरमध्ये पुढे-मागे झुलवायचं आणि काटा जिथून परत फिरतो ते सगळ्यात कमी रीडिंग घ्यायचं, रिंगवर शून्य ठरावीक वेळाने पुन्हा बघायचं. इन्स्पेक्टरला यापुढचं : दोन माणसांच्या, दोन गेजच्या मापात फरक का येतो, रिपीटेबिलिटी आणि रिप्रोड्यूसिबिलिटीचा अभ्यास कसा मांडायचा, तो टॉलरन्सचा किती हिस्सा खातो. ऑपरेटरला हा अभ्यास शिकवायला बसवलं तर तो झोपतो. इन्स्पेक्टरला फक्त गेज झुलवायला शिकवलं तर तो पोस्टमन होतो, रिपोर्ट इकडून तिकडे नेणारा.

आणि हो, धागाकर्त्याच्या मुद्द्याला धरून : उष्णतेचं कारण कळलेला ऑपरेटरच सांगतो की मशीनशेजारी ॲल्युमिनियमची जाड पाटी ठेवा, जॉब तिच्यावर ठेवले की लवकर गार होतात, आणि रिंगही त्याच पाटीवर राहू द्या. फारसा खर्च नाही. हे बाहेरून सांगायला सल्लागार लागतो, आतून सांगायला एका वाक्याचं भौतिकशास्त्र.

---

ओवी_सात

एचआरच्या बाजूने लिहिते. शिव्या आम्हालाच बसतात, तेव्हा थोडं आमचंही.

कॅलेंडर तसं होतं याचं कारण ऑडिट. पण ऑडिटमध्ये खरं काय मागितलं आहे ते बघा. आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत कलम ७.२ सांगतं : त्या कामाला लागणारी क्षमता ठरवा, ती नसेल तर काहीतरी करा, केलेल्याचा परिणाम तपासा, पुरावा ठेवा. ‘वर्षाला इतके तास ट्रेनिंग’ असं तिथे कुठेही नाही. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ मध्ये तर ७.३.२ हे कलम सुधारणा आणि नावीन्याला पोषक वातावरणाबद्दलच आहे. म्हणजे या धाग्याचा विषय मानकात आधीच लिहिलेला आहे. आपण त्याचं भाषांतर ‘मार्चमध्ये स्पॅगेटी’ असं केलं.

स्किल मॅट्रिक्सचं (कुणाला कुठलं काम किती येतं याच्या बोर्डाचं) दुखणं. चार पाकळ्यांचं वर्तुळ : एक पाकळी म्हणजे शिकतो आहे, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे स्वतंत्र करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. ऑडिटच्या आठवड्यात सगळ्यांच्या तीन पाकळ्या भरल्या जातात, एकाच पेनाने. ओळखायची खूण म्हणजे पूर्ण बोर्डावर एकही पाकळी कधी कमी होत नाही. सहा महिने मशीनवर न गेलेल्या माणसाची पाकळी कमी व्हायलाच हवी.

दुरुस्ती : पाकळ्या ‘सीएनसी टर्निंग’ या नावापुढे भरू नका, वर सांगितलेल्या निर्णयांपुढे भरा. ‘वेअर ऑफसेट’, ‘बोअर गेज’, ‘टिप कधी फिरवायची’, ‘चिप बघून थांबणं’. तिसरी पाकळी सहीवर नाही, करून दाखवल्यावर. ऑफसेटसाठी मशीन बंद असताना पॅनेलवर पाच तोंडी प्रसंग द्यायचे : ओडी मोठी, ओडी लहान, बोअर मोठा, बोअर लहान, आणि पाचवा फसवा, म्हणजे माप बरोबर पण जॉब गरम. पाचपैकी पाच हवेत. चाराला पास करू नका, कारण चुकणारा नेमका बोअरचा असतो.

कंत्राटी कामगारांचं @रात्रपाळी : त्यांना सगळं शिकवू नका, पण थोडंच शिकवायचं तर निवड नीट करा. पहिल्या आठवड्यात फक्त ‘कधी थांबायचं आणि कुणाला हाक मारायची’ हे निर्णय. ऑफसेटला हातच लावायचा नाही. दुसऱ्या महिन्यापासून मापणं. घासणीचा आलेख टिकून राहणाऱ्यांना. ॲप्रेंटिसचं मात्र उलट होतं आणि ते चूक आहे. ॲप्रेंटिस कायदा १९६१ चा, ॲप्रेंटिसशिप हे शिक्षण आहे, पण पोराला वर्षभर एकाच डिबरिंगच्या टेबलावर उभं करतात. त्याला कारण कळायची शक्यता तिथेच संपते.

कायझेनचे आकडे : ‘प्रत्येकी महिन्याला दोन’ हे टार्गेट काढून टाका. ते असेपर्यंत रंगकामच येणार, कारण रंगकाम महिन्याअखेरीस एका तासात होतं. सूचनांची संख्या मोजूच नका. तीन मोजा : अमलात आलेल्या, तीन महिन्यांनंतरही चालू असलेल्या, आणि दुसऱ्या लाइनने उचललेल्या. आणि नकार असेल तर आठवड्याच्या आत, कारणासकट, त्या माणसाला तोंडी. ‘बजेट नाही’ हे कारण नव्हे. ‘टर्निंगला फायदा आहे पण पुढे ग्राइंडिंगला स्टॉक (घासायला ठेवलेला जादा धातू) कमी पडतो’ हे कारण. नकारातूनही माणूस शिकतो, जर त्यात माहिती असेल.

---

आकडेमोड

चर्चा चांगली चालली आहे, एक पाचर मारतो.

‘जुळवलेल्या प्रशिक्षणाने कामगिरी आणि सर्जनशीलता वाढते’ असं म्हणणारे बहुतेक अभ्यास प्रश्नावलीवरचे असतात. एकाच कर्मचाऱ्याला विचारतात : प्रशिक्षण तुमच्या कामाशी जुळतं का? आणि तुम्ही नव्या कल्पना मांडता का? जो नोकरीवर खूश आहे तो दोन्हीला ‘हो’ म्हणतो. संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. दुसरी गोम म्हणजे चांगल्या प्रशिक्षणाला आधीच हुशार लोक पाठवले जातात.

कारखान्यात याहून बरं करता येतं. दोन सारख्या लाइन घ्या. ‘अ’ लाइनला आता, ‘ब’ लाइनला तीन महिन्यांनी प्रशिक्षण द्या. कुणाला आधी हे चिठ्ठी टाकून ठरवा, मॅनेजरच्या पसंतीने नाही. सुरू करण्याआधीचे तीन महिने आणि नंतरचे सहा महिने आठवड्यागणिक लिहा : पहिल्या फटक्यात ओके झालेले जॉब, रीवर्क, टिपमागे जॉब, सेटिंगचा वेळ. टिपच्या लॉटमधला आणि कच्च्या मालातला बदल त्याच तक्त्यावर नोंदवा, नाहीतर नव्या फोर्जिंग सप्लायरचं श्रेय प्रशिक्षणाला जाईल. पहिल्या महिन्यात आकडे खाली गेले तर घाबरू नका. माणूस सवयीने करत होता ते आता विचार करून करतो, वेग थोडा पडतो. बरीच खाती नेमकी तेव्हाच प्रयोग बंद करतात.

डोनाल्ड कर्कपॅट्रिकने १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या : आवडलं का, कळलं का, वागण्यात आलं का, निकालात दिसलं का. आपला फीडबॅक फॉर्म पहिल्या पायरीवरच बसून चहा पितो.

आता सर्जनशीलता. टेरेसा अमाबिले यांच्या मांडणीत तीन घटक लागतात : त्या क्षेत्रातलं ज्ञान आणि हातोटी, वेगळ्या बाजूने बघण्याची पद्धत, आणि कामाची आतून ओढ. धागाकर्त्याचा सगळा भर पहिल्यावर आहे. ‘मार्चच्या स्पॅगेटी’चा सगळा भर दुसऱ्यावर. एकटं कुठलंच पुरत नाही. आणि फार घट्ट जुळवण्यात धोकाही आहे. फक्त आपल्या स्टेशनचे पंधरा निर्णय कळलेला माणूस आपलं स्टेशन सुधारताना पुढच्याचं बिघडवतो. बर पुढे ढकलतो, स्टॉक कमी सोडतो. म्हणून ‘एक स्टेशन मागे, एक स्टेशन पुढे’ हा नियम ठेवा. वर्षातून दोन दिवस आधीच्या आणि दोन दिवस नंतरच्या स्टेशनवर. काम करायला नाही, तिथले निर्णय बघायला.

---

रात्रपाळी

पाचर योग्य जागी बसली. ‘बर पुढे ढकलतो’ हे तर रोजचं.

आता व्यवहाराचा प्रश्न. शिकवणार कोण? सगळ्यात चांगला ऑपरेटर चांगला शिकवतोच असं नाही. बरेच जण ‘बघ, असं करायचं’ म्हणतात आणि हात इतका भरभर चालवतात की समोरच्याला फक्त कोपर दिसतं.

---

तेरा_चौदा_पाना

यावर तयार उत्तर आहे आणि ते ऐंशी वर्षांहून जुनं आहे. अमेरिकेत १९४० मध्ये, युद्धसामग्रीच्या कारखान्यांत नवखे लोक झटपट तयार करायला ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम निघाला. १९४५ मध्ये तिथे तो बंद झाला, युद्धानंतर जपानमध्ये गेला, आणि टोयोटाच्या कामाच्या पद्धतीत आजही दिसतो. त्यातलं ‘जॉब इन्स्ट्रक्शन’ हे सुपरवायझरांना शिकवायला शिकवतं : दोन-दोन तासांच्या पाच बैठका, एका वेळी दहाच्या आसपास माणसं, प्रत्येकाने स्वतःच्या कामाचा एक पाठ तिथे घेऊन दाखवायचा. चार पायऱ्या : माणसाची तयारी करा (आधी किती येतं ते विचारा), काम मांडा, त्याच्याकडून करून घ्या, मागोवा घ्या. त्या कार्डावरचं वाक्य असं की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलं नाही. आपल्याकडे दोष नेमका उलट दिशेला जातो.

त्याचा गाभा म्हणजे एक कागद, तीन रकाने. पायरी, खुबी, कारण. ऑफसेटचा असा होईल :

पायरी : जॉब मापा. खुबी : गार करून, रिंगवर शून्य बघून. कारण : गरम जॉब खोटं माप देतो.
पायरी : हवं वजा आलेलं करा. खुबी : कागदावर, चिन्हासकट. कारण : ओडी आणि बोअर दोन्हीला एकच हिशोब.
पायरी : टूलची ओळ शोधा. खुबी : टरेटवरचा क्रमांक आणि पडद्यावरचा क्रमांक बोट ठेवून जुळवा, पान ‘वेअर’चं आहे हे वाचा. कारण : जॉमेट्रीच्या (टूलच्या मूळ मापांच्या) पानावर टाकलं तर सेटरचं सेटिंग जातं.
पायरी : आकडा भरा. खुबी : दशांशचिन्ह द्या, प्लस इनपुट दाबा. कारण : दशांशाशिवाय मशीन वेगळाच आकडा समजू शकतं, नुसती इनपुट जुना आकडा पुसते.
पायरी : पुढचा जॉब वेगळा काढून मापा. खुबी : ट्रेमध्ये टाकायच्या आधी. कारण : चुकलं तर एकच जातो.

पाच ते सात पायऱ्यांपेक्षा जास्त झाल्या तर ते दोन पाठ आहेत. शिकवताना तीनदा करून दाखवायचं : एकदा नुसत्या पायऱ्या बोलत, दुसऱ्यांदा पायऱ्या आणि खुब्या, तिसऱ्यांदा कारणांसकट. मग त्याच्याकडून करून घ्यायचं आणि त्यानेही कारणं बोलून दाखवायची. हात बरोबर चालला पण कारण सांगता आलं नाही, तर तो पाठ झालेला नाही. घाईत सगळ्यात आधी तिसरा रकाना गळतो. एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) पायऱ्या असतात, फार तर खुब्या असतात, कारणं जवळपास कधीच नसतात. मग माणूस काम करतो, पण त्याबद्दल बोलायला त्याच्याकडे काही राहत नाही.

@आकडेमोड, तुमच्या दुसऱ्या घटकासाठी त्याच कार्यक्रमाचा भाऊ आहे, ‘जॉब मेथड्स’. कामाचे बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येकाला का, काय, कुठे, केव्हा, कोण, कसं विचारायचं, मग क्रमाने : काढून टाकता येईल का, जोडता येईल का, जागा बदलता येईल का, सोपं करता येईल का. स्पॅगेटी लागत नाही, तोच कागद लागतो. आधी जॉब इन्स्ट्रक्शन, दोन-तीन महिन्यांनी जॉब मेथड्स. उलट क्रमाने केलं तर पुन्हा रंगकाम.

---

श्टुटगार्टकर

इथल्या पद्धतीचा छोटा मुद्दा. जर्मनीत मशीनिंगच्या कारागिराचं ड्युअल प्रशिक्षण साडेतीन वर्षांचं असतं, आठवड्यातला एखाद-दुसरा दिवस शाळा आणि बाकी कारखाना. त्यात माणूस टर्निंग, मिलिंग, मापन सगळीकडून फिरतो आणि मगच एका कामाला चिकटतो. म्हणून कंपनीतलं नंतरचं प्रशिक्षण अगदी अरुंद असलं तरी चालतं, रुंदी आधीच आलेली असते. आपल्याकडे आयटीआयमध्ये टर्नरची दोन वर्षं असतात, पण लाइनवर उभी असलेली बरीच मंडळी आयटीआयचीही नसतात. म्हणून अरुंद प्रशिक्षण तसंच्या तसं उचललं तर पाया राहत नाही. ‘एक मागे, एक पुढे’ हा नियम भारतात इथल्यापेक्षा जास्त गरजेचा आहे.

---

किडे

गंभीर प्रश्न (खरंच). तो तीन रकान्यांचा कागद कुठल्या भाषेत लिहायचा? चाकणला अर्धी लाइन बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातली. पॅनेल इंग्रजी, एसओपी इंग्रजी, सुपरवायझर मराठी.

---

ओवी_सात

चांगला प्रश्न. लाइनवर जी भाषा बोलली जाते ती, म्हणजे बहुतेक ठिकाणी हिंदी, शेजारी मराठी. एका कागदावर दोनच भाषा, तीन केल्या की अक्षर बारीक होतं आणि कुणीच वाचत नाही. बटणांची नावं भाषांतरित करू नका. पॅनेलवर जशी छापलेली आहेत तसा त्या बटणाचा फोटोच चिकटवा. ‘ऑफसेट’ला ‘प्रतिसंतुलन’ लिहिणाऱ्याला एक पाळी लाइनवर उभं करा.

आणि लिहून झाल्यावर तो कागद त्याच लाइनवरच्या, ते काम न करणाऱ्या माणसाला वाचायला द्या. तो जिथे अडतो तिथे खुबी राहून गेली आहे.

---

मायक्रॉन

कागद लावायची जागाही ठरवून घ्या. मशीनच्या दारावर लावला तर कूलंट आणि हातमोज्यांनी कडा सुटतात, लॅमिनेशनच्या आत तेल शिरतं आणि नेमका ‘कारण’ चा रकाना आधी काळा पडतो, कारण तो उजवीकडे, दाराच्या हँडलकडे असतो. पॅनेलच्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर. खाली तारीख आणि आवृत्ती क्रमांक. कायझेन अमलात आली की त्याच दिवशी नवा कागद, खाली ज्याची सूचना त्याचं नाव, आणि जुना फाडून टाका. नाहीतर नव्यावर जुना चिकटवलेला आढळतो, आणि रात्रपाळीला वाचला जातो तो वरचाच.